रस्त्याकडे पाठ

परवा सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात मागे एक छोटा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहाला गेला. टेम्पोच्या हौद्यात, पोत्यावर, चिखलानं माखलेली एक पाण्यातली मोटर आडवी पडली होती आणि तिच्यातून तो वास येत होता. जळालेल्या मोटरचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही. थोडा रबराचा, थोडा उतू जाऊन करपलेल्या दुधाचा. मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. हिवाळा आला, असं मनाशी म्हटलं. लोकांना हिवाळा हुरड्यानं कळतो, बोरांनी कळतो, कपाटातून काढलेल्या स्वेटरनं कळतो. मला तो या वासानं कळतो, आणि कळला की दिंद्रुडची माझी थोरली बहीण, सुमनअक्का, पाठमोरी डोळ्यांपुढे येते.

पाठमोरीच येते. त्याला कारण आहे.

माझं दुकान अंबाजोगाईत आहे, बायंडिंगचं. डॉक्टरकीची आणि इतर कॉलेजांची मुलंमुली प्रबंध घेऊन येतात, त्यांची पानं लावायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, वर सोनेरी अक्षरं उमटवायची. एवढंच काम. पण याआधी याच गावात माझं दुसरं दुकान होतं, आणि त्याच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका एवढं सगळं होतं आणि शेवटी ‘इत्यादी’ असंही रंगवून घेतलं होतं. त्या ‘इत्यादी’नंच माझा घात केला. एकाचा फॉर्म अर्धा भरून दुसऱ्याची झेरॉक्स काढायला उठायचो, ती काढता काढता तिसऱ्याचा रिचार्ज, आणि मधल्या मधे मोबाईलवर कुणी काय टाकलं ते बघायचं. एका मुलीच्या फॉर्मवर मी दुसरीचा फोटो चढवला. ती रडत आली, बापाला घेऊन आली. त्यानंतर ते दुकान फार दिवस टिकलं नाही.

तेव्हा अक्काचा फोन आला. “घरात तोंड पाडून कावून बसलास? हिकडं ये. मोटरीचे दिवस हायत. तुज्या दाजीला जोडीला माणूस पायजे.”

मी सत्तावीस वर्षांचा होतो. बॅग भरली आणि गेलो. ते पौषाचे दिवस होते आणि मी परत आलो तेव्हा शिमगा होऊन गेला होता. आयुष्यात मी शाळेत बरीच वर्षं घालवली, पण शिकलो त्या तीन महिन्यांत.

रब्बीच्या दिवसांत आमच्या भागात काय होतं ते सांगायला हवं. विहिरींना पाणी असतं, ज्वारी कंबरेला लागलेली असते, गहू, हरभरा, कांदा सगळ्यांना एकाच वेळी तहान लागते. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. मग लाईटीचा जोर कमी पडतो, मोटरी घरघरायला लागतात, आणि रोज कुणाची ना कुणाची जळते. जळालेल्या मोटरच्या आतली तांब्याची तार सगळी काढून नवी घालावी लागते. याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. ज्याची मोटर भरायला पडली आहे तो माणूस लगेच ओळखू येतो. तो कुठेही बसला तरी टेकून बसत नाही. चार दिवस, फार तर पाच, पीक वाट बघतं.

अक्का मोटरी भरायची. अजूनही भरते. गावाच्या वळणावर, रस्त्याला लागून तिचं पत्र्याचं शेड आहे. दुकान खरं तर दाजींनी काढलं होतं. काम त्यांना उत्तम येत होतं, पण दाजींना बोलल्याशिवाय राहवत नाही. माणूस दिसला की बोलायचं, नाही दिसला तर रेडिओशी बोलायचं. आणि मोटर भरण्याचं काम म्हणजे मोजण्याचं काम. तार एका खाचेतून घालायची, पलीकडून ओढायची, दुसऱ्या खाचेतून परत आणायची, की झाला एक वेढा. असे चाळीस वेढे झाले की एक कॉइल. अशा बारा कॉइल. कुठे एखादी कमी भरली तर मोटर चालते, पाणीही देते, पण आतून एका बाजूनं तापत राहते आणि एके दिवशी जाते. दाजींच्या मोटरी परत यायला लागल्या. “अठरा की एकोणीस?” असं ते गिऱ्हाइकालाच विचारायचे म्हणे. एके दिवशी अक्कानं त्यांच्या हातातून तार घेतली आणि म्हणाली, “तुमी बोला. मी मोजते.” तेव्हापासून दाजी विहिरीतून मोटर काढणं, बसवणं, फोन उचलणं आणि बोलणं ही खाती सांभाळतात, आणि अक्का मोजते. दोघांच्या संसारात याहून चांगली वाटणी मी बघितलेली नाही.

पहिल्या दिवशी मी शेडच्या दारात जाऊन मोठ्यानं हाक मारली, “अक्का, आलो गं!”

आतून उत्तर आलं, “सत्तावीस.”

मी चकित. “काय म्हणालीस?”

“अठ्ठावीस.”

दाजी बाहेरच्या बाकावरून हसत म्हणाले, “बसा पाव्हणं. आकडा म्हंजी बस म्हनती. अजून बारा हायत. चाळिसाला बोलंल.”

आणि खरंच, चाळीसला ती थांबली. शेजारचा खडू उचलून भिंतीवर एक रेघ मारली, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या आणि मग वळून बघितलं. “किती वाळलास रं,” म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. म्हणजे सत्तावीसलाही मी आलोय हे तिला कळलं होतं, आनंदही झाला होता, फक्त तो चाळीसपर्यंत थांबवून धरला होता.

हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुणी “अक्का, राम राम” म्हणालं की “एकोणीस” असं उत्तर यायचं. आकडा ऐकून लोक अंदाज बांधायचे. पस्तीसच्या पुढचा असला तर दारातच उभे राहायचे, दहाच्या आतला असला तर तंबाखू काढून बसायचे. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याचा माणूस तावातावानं आला. “आमच्या सायबाच्या मळ्यातली मोटर आधी घ्या” असं त्याला म्हणायचं होतं. तो जे जे बोलला त्याला तेरा, चौदा, पंधरा, सोळा अशी उत्तरं मिळाली. बाकावरची माणसं हसायला लागली तसा तो खाली बसला, आणि बसल्यावर त्याचा आवाजही उतरला. चाळीसला अक्का वळली आणि शांतपणे म्हणाली, “तुमच्या आधी तीन मोटरी हायत. परवा या.” तो परवा आला.

अक्का रस्त्याकडे पाठ करून बसायची. शेडचं तोंड रस्त्याकडे, आणि ती आत, भिंतीकडे तोंड करून, एका जुन्या पाटावर. रस्त्यानं मिरवणूक जावो, वरात जावो, दोन मोटारसायकली एकमेकींवर आपटोत, ती मागे बघायची नाही. मोबाईल सकाळी दाजींच्या खिशात जायचा. गावातली कित्येक माणसं तिला तिच्या अंबाड्यावरून ओळखायची. भिंतीवर खडूच्या रेघा वाढत जायच्या, बारा झाल्या की ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि मोटर दाजींच्या ताब्यात द्यायची.

मला या बाईचं तेव्हाही नवल वाटायचं आणि आता तर जास्तच वाटतं. कारण आता मला ठाऊक आहे की हे किती अवघड असतं. छोट्या धंद्यात माणसाला कामापेक्षा कामाच्या आजूबाजूचं फार असतं. गिऱ्हाईक बोलतं, शेजारी बोलतो, फोन वाजतो, कुणीतरी नवा धंदा सुचवतो, कुणीतरी शेजारच्या दुकानात किती गर्दी आहे ते सांगतो. यातलं काहीच वाईट नसतं. म्हणून तर फसायला होतं. वाईट असतं तर ओळखू आलं असतं.

अक्काकडेही सगळं यायचं. त्याच दिवसांत माजलगावकडून एक व्यापारी आला होता. सौर पंपांची एजन्सी घ्या, बोर्ड आम्ही लावून देतो, माल आम्ही टाकतो, तुम्ही फक्त नाव द्या, असं तो म्हणत होता. दाजींच्या डोळ्यांपुढे चकचकीत दुकान उभं राहिलं. त्यांनी त्याला दोनदा चहा पाजला. अक्का चाळीसला वळली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चांगलं हाय भाऊ. पन मला समजून घ्यायला टाइम न्हाई. ह्या मोटरी हुंद्या. उन्हाळ्यात या.” तो म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत दुसरं कुणी घेईल. “घिऊ द्या की,” अक्का म्हणाली, आणि “एक” म्हणून पुढची कॉइल सुरू केली. दाजी दोन दिवस रुसून होते. म्हणजे बोलत होते, पण तिच्याशी नाही.

मी मात्र तिथेही मीच होतो. दाजींबरोबर साखळी-कप्पीनं मोटरी वर ओढायच्या, धुवायच्या, आणून ठेवायच्या, आणि उरलेल्या वेळात मोबाईल. एक दिवस डोक्यात आलं, अक्काचा व्हिडिओ करू. आकड्यांत उत्तरं देणारी बाई जगात दुसरी कुठे असणार? शेडच्या आत अंधार होता आणि पाठमोऱ्या बाईला कोण बघणार, म्हणून मी तिला म्हटलं, “अक्का, तोंड रस्त्याकडं करून बस की. उजेड बी चांगला येतोय. डोळ्याला बरं पडंल.”

डोळ्याचं मी खोटं बोललो नव्हतो. पण डोळ्यासाठी बोललो नव्हतो.

तिनं थोडा विचार केला. धाकट्या भावाचं दुकान बुडालंय, तो मुळात कशात मन घालत नाहीये, आणि आता काहीतरी मनापासून करतोय, असा तो विचार असणार. पाट फिरवला. पहिल्यांदा अक्का रस्त्याकडे तोंड करून बसली, आणि खडूची भिंत तिच्या पाठीमागे गेली.

पहिला व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. मी दाजींना बोलायला लावलं होतं आणि अक्का फक्त आकडे म्हणत होती. पार पुण्याला कामाला गेलेली गावची पोरं त्याखाली लिहायला लागली. माणसं मुद्दाम थांबून “राम राम अक्का” म्हणायला लागली, आकडा मिळाला की खूश होऊन जायची. कुणीतरी तिचा सत्कार ठरवला. अक्का म्हणाली, “सत्कार उन्हाळ्यात करा.” ते ऐकेनात, तेव्हा दाजी गेले आणि तिच्या वतीनं शाल, नारळ आणि भाषण, तिन्ही उरकून आले. भाषण जरा लांबलं असं ऐकलं.

त्या आठवड्यात मारुतीबाप्पांची मोटर आली.

मारुतीबाप्पा म्हणजे गावाच्या कडेला मेंढरं राखणारा म्हातारा. मेंढरं आता मुलगा फिरवायचा. बाप्पांनी विहिरीजवळच्या तुकड्यात कांदा लावला होता, पण खायचा नाही, बियाचा. कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला उंच दांडे येतात, दांड्यावर पांढरे गोल गोंडे येतात आणि त्या गोंड्यांत काळं बी भरतं. मी ते शेत आधी बघितलं होतं. सकाळच्या उन्हात हजारो पांढरे गोंडे आणि त्यांच्यावर मधमाशांचा नुसता गजर. बाप्पा त्यांच्यातून कडेकडेनं चालायचे, माशी उठू नये म्हणून. बी भरायच्या वेळी पाणी तुटलं तर गोंडा वरून तसाच दिसतो, पण आत फोलपट राहतं. बाप्पांचं वर्षभराचं सगळं त्या तुकड्यात उभं होतं. ते आले, बाकावर टेकून न बसता बसले आणि आकडा संपायची वाट बघितली.

“माय, परवा मिळंल का?”

“मिळंल बाप्पा,” अक्का म्हणाली. “उद्या दिसभर तुमचीच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रस्त्यापलीकडे लिंबाखाली बसून मोबाईल बघत होतो. तेव्हा दिसलं की व्हिडिओ एका मोठ्या पेजनं उचललाय आणि बघणाऱ्यांचा आकडा लाखाच्या वर गेलाय. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी घडलं होतं. मी उठलो, मोबाईलचा कॅमेरा चालू करून समोर धरला आणि अक्काची प्रतिक्रिया टिपायची म्हणून पळतच शेडकडे गेलो. “अक्का! लाखाच्या वर गेलं! अक्का, लाख!”

तिनं मान वर केली. “खरं का रं?” म्हणाली. “किती म्हनलास?”

आणि हसली. दोन्ही हातांत तार तशीच धरून, तोंडभर हसली. मग खाली बघितलं, क्षणभर थांबली आणि पुढं मोजायला लागली.

मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट अक्का आकडा सोडून बोलली याचा मला अभिमानच वाटला.

मोटर वेळेवर गेली. दाजींनी ती विहिरीत सोडली, पाणी धो धो आलं. चौथ्या दिवशी सकाळी बाप्पा मोटर बैलगाडीत घालून परत आले. मी पुढे झालो आणि तो वास आला.

“लाईट लई कमीजास्त हुती,” बाप्पाच आधी म्हणाले. चूक आपलीच असल्यासारखे. “तुमी तरी काय करनार.”

“हाव ना,” दाजींनी लगेच री ओढली. “कालच्याला तर दोन डीपी उडाल्या. लाईटीनंच गेली.”

या धंद्यात लाईटीचं नाव घेतलं की विषय संपतो. सगळे तेच सांगतात, सगळे तेच मानतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. अक्कालाही तेच म्हणता आलं असतं. तिनं मोटर उघडली, तारांची डोकी छाटली आणि मला म्हणाली, “ये हिकडं. मोज.”

छाटलेल्या तारांची टोकं मी एकेका खाचेत मोजत गेलो. चाळीस. चाळीस. चाळीस. सहा कॉइल बरोबर होत्या. सातवी काळी पडून आत चिकटली होती, ती सुईनं सोडवून मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीसच. तिनं माझ्या हातातून घेऊन स्वतः मोजली आणि खाली ठेवली.

मी बाहेर आलो, लिंबाखाली बसलो आणि पळत जाताना घेतलेला तो त्या दुपारचा व्हिडिओ मोबाईलमध्ये काढला. आवाज बारीक केला. अक्काच्या मागे भिंतीवर खडूच्या सहा रेघा होत्या. मी ओरडायच्या आधी तिचे ओठ हलतात, तेवीस. मग ती मान वर करते, हसते, विचारते, खाली बघते, आणि पुढचा शब्द चौतीस. तेवीसचे तेहतीस झाले होते. दहा वेढे माझ्या लाखात गेले होते. मी तो व्हिडिओ पाचसहा वेळा बघितला. तिचं हसू इतकं निखळ होतं की मला बघवेना.

आत अक्का बाप्पांना सांगत होती. “बाप्पा, लाईटीचा दोष न्हाई. माजे दहा वेढे कमी पडले.”

बाप्पांनी उघड्या मोटरकडे बघितलं. 

“मोजताना माजं ध्यान गेलं,” अक्का म्हणाली. “चूक माजी हाय.”

मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बाप्पांना कळलं असतं.

“आन् आता?” बाप्पांनी हळूच विचारलं. “अजून दोन दिस?”

“दोन दिस लागतील. पन तुमचं पानी थांबायचं न्हाई. आमच्या हिरीवरली मोटर घिऊन जावा. आत्ता काढा.” शेवटचं दाजींना.

दाजी उठले, मग पुन्हा बसले. “अगं, गहू वंबीत आलाय आपला. आज-उद्या पानी द्यायचंय त्येला.”

“गहू आपला हाय,” अक्का म्हणाली.

एवढंच म्हणाली. दाजींनी कप्पी खांद्यावर घेतली. मी साखळी घेतली. दुपारपर्यंत आमच्या विहिरीतली मोटर बाप्पांच्या विहिरीत गेली आणि गोंड्यांच्या सऱ्यांतून पाणी पळायला लागलं. बाप्पा पाण्याच्या पुढे पुढे, वाकून, हातानं काडीकचरा काढत चालले होते. येताना आमच्या गव्हाच्या बांधावरून आलो. दाजी त्या गव्हाकडे बघत चालले होते, आणि रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत.

शेडमध्ये आलो तर अक्कानं पाट फिरवला होता. तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. मी मागे जाऊन उभा राहिलो.  “अक्का, माझ्यामुळं झालं गं.”

“अकरा,” ती म्हणाली.

“मी ओरडलो नसतो तर...”

“बारा.”

चाळीसपर्यंत थांबलो. ती रेघ मारून वळली, माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “बस. जेवलास का? जेव जा. आन् संजू, कामाच्या वक्ताला तुला मीच हाक मारीन.” पुन्हा वळली. “एक.”

त्यानंतर मी पुष्कळदा माफी मागायला गेलो. दर वेळी आकडा मिळाला. कधी सहा, कधी एकोणचाळीस. शेवटी माझ्या लक्षात आलं की माफी ऐकायला तिला वेळ नाही असं नाही, तिला ती नकोच आहे. मग मी मोबाईल दाजींच्या खिशात तिच्या मोबाईलशेजारी टाकला आणि तिच्या बाजूला बसून तार सरळ करून द्यायला लागलो. एका जागी, एका कामावर, सलग दोन तास बसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. सुरुवातीला पाय शिवशिवले, हात उगाच खिशाकडे जायचा. मग हळूहळू तिचे आकडे तेवढे ऐकू यायला लागले आणि रस्ता ऐकू येईनासा झाला.

दोन दिवसांनी बाप्पांची मोटर त्यांना परत गेली, आणि आमची आमच्या विहिरीवर आली. तोवर आमच्या गव्हाची वेळ निघून गेली होती. शिमग्याच्या सुमाराला बाप्पा एकदा शेडवर आले. अक्का मोजत होती, ते उभेच राहिले. चाळीस झाले तसा त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक वाळलेला गोंडा काढला आणि तिच्या तळहातावर झटकला. काळं, टपोरं, चकचकीत बी तळहातभर पसरलं. अक्कानं लगेच ‘एक’ म्हटलं नाही. मुठीत बी धरून ती थोडा वेळ बसून राहिली.

आमचा गहू मात्र बारीक निघाला, चिपाड. अक्का दरवर्षी मला एक पोतं गहू पाठवते, त्या वर्षीही पाठवलं, तोच गहू. त्याच्या पोळ्या काही केल्या फुगायच्या नाहीत. वर्षभर मी त्या खाल्ल्या. बायकोनं विचारलं, असला कसा गहू? मी म्हटलं, चांगला आहे, खा.

आणि मग हे दुकान काढलं. पाटीवर फक्त ‘बायंडिंग’. झेरॉक्स शेजारी मिळते, फ्लेक्स पुढच्या चौकात. सुरुवातीला लोक म्हणायचे, अहो, एक मशीन टाका की, एवढी पोरं येतात. टाकलं नाही. टेबल भिंतीला लावलंय आणि मी रस्त्याकडे पाठ करून बसतो. प्रबंधाची पानं लावताना एखादं खालीवर झालं, एखादं सुटलं, तर कुणाच्या तीन वर्षांच्या मेहनतीत भोक पडतं, आणि ते बायंडिंग झाल्यावर बाहेरून दिसतही नाही. मी पानं मोठ्यानं मोजतो आणि मोजून झाली की आधी आकडा वहीत लिहितो. नव्या गिऱ्हाइकांना हा माणूस तुसडा वाटतो. जुनी पोरं त्यांना बाजूला घेऊन समजावतात. अक्काइतकं मला अजून जमत नाही, कधी जमेल असंही वाटत नाही. आठवड्यातून एकदा तरी मधेच मान वर होते. मग पानं पुन्हा एकपासून. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे, बाकीचे पुसले. मन फार भरकटायला लागलं की आवाज बंद करून बघतो.

परवा त्या मोटरच्या वासानं सकाळ अशी गेली. दुपारी एक जाडजूड प्रबंध हातात घेतला. मागे पायरीवर कुणाची तरी चाहूल लागली. कुणीतरी हाक मारली, “संजू.”

“एकशे चौदा,” मी म्हणालो.

 मग मागे पोरांची कुजबुज झाली, कुणीतरी त्यांना दटावलं, तशी ती थांबली. मी मोजत राहिलो. दीडशे, दोनशे. दोनशे बारावर शेवटचं पान पडलं तसा वळलो. पायरीवर अक्का बसली होती. डोळे दाखवायला दवाखान्यात आली होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, मांडीवर कापडी पिशवी. वाट बघणाऱ्या दोघा पोरांना तिनं तोंडावर बोट ठेवून गप्प बसवून ठेवलं होतं. किती वेळ बसली होती कुणास ठाऊक.

मी धडपडत उठलो, पाया पडायला वाकलो. तिनं हातानं मला मधेच थांबवलं.

“किती झाले?”

“दोनशे बारा.”

“आदी लिही,” अक्का म्हणाली. “मग पाया पड.”